नंतर

जुलैत रुवीला थंड नळाचंही पाणी भाजतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर तापत असते,
म्हणून इथे जो तो बर्फ मागतो.
सानिका म्हसकर, वय एकोणीस, म्हणाली,
"मला साधंच द्या. कोमट असेल तर बरं."
मी ग्लास भरता भरता थबकले.

खुर्ची मागे झुकवली, दिवा ओढून घेतला.
समोरून दात चांगले. फोटोत शोभतील असे.
मग छोटा आरसा वरच्या दातांमागे नेला.
ती बाजू कुणी बघत नाही,
आई नाही, मैत्रिणी नाहीत, कॅमेरा नाही,
फक्त जिभेला ठाऊक असते.
तिथे कवच उरलंच नव्हतं.
धुऊन धुऊन विरलेल्या पदरासारखी कड,
इतकी पातळ, की तिच्यातून माझा दिवा दिसला.
दाढेत जुनी चांदी, सातवीत भरलेली,
ती तेवढी जागच्या जागी;
भोवतीचा दात खचलेला,
ओहोटीला खडक उघडा पडावा तसा.
उजव्या हाताला, मधल्या बोटाच्या मुळाशी
एक घट्टा, दाताच्या मापाचा.
मी पाहिलं, तसा तिने हात एप्रनखाली घेतला.

दार किलकिलं करून आई.
"सगळं खाते हो डॉक्टर. कधी चार चार पोळ्या.
पण अंगी लागत नाही.
आणि दात? आमच्या घराण्यात कुणाचे असे नाहीत.
मला वाटतं, इथलं पाणीच वाईट.
समुद्रातलं मीठ काढतात, त्याच्याबरोबर
आणखी काय काय निघून जात असेल!
आमचे हे त्याच प्लांटवर, वीस वर्षं.
बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ."

मी त्यांना बाहेर बसवलं.
पाण्याबद्दल काही बोलले नाही.
मला ऐकू येत होता एक नळ,
जेवणं झाल्यावर बराच वेळ सोडलेला,
आणि पलीकडे टीव्हीसमोर कुणीतरी म्हणतंय,
पोरीला स्वच्छतेची भारी आवड.

"ब्रश किती वेळा?"
"चारपाच वेळा. चांगला खसाखसा."
"नंतर लगेच नको करूस.
आधी नुसती चूळ भर, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून.
अर्धा तास जाऊ दे.
आंबट लागलेला दात मऊ पडतो,
त्यावर ब्रश म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा."
ती मान हलवत होती.
मग हलवायची थांबली.
मी जेवल्यानंतर म्हटलं नव्हतं.
नुसतं नंतर.

एसी घरघरत राहिला.
कशाच्या नंतर, ती विचारेना. मी सांगेना.
तो एवढासा शब्द ट्रेमध्ये पडून राहिला,
चिमटा, कापूस, आरसा यांच्यात.

"परत येतं का?" खूप वेळाने, छताकडे बघत.
"दातावरचं ते."
हाड जुळतं. कातडी भरून येते. केससुद्धा उगवतात.
"नाही," मी म्हटलं. "पण उरलंय ते राखता येतं.
लेप मी देईन. बाकीचं माझ्या हातातलं नाही.
तिसऱ्या मजल्यावर एक बाई बसतात.
त्या वजन करत नाहीत."
तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं.

कागदावर नाव लिहिलं, नंबर लिहिला.
"काय लिहून दिलं गं?"
"चूळ भरायचं औषध."
खोटं म्हणावं तर अगदी खोटंही नाही.

जाताना आईने काउंटरवर डबा ठेवला.
"सांज्याच्या पोळ्या आहेत. तुम्ही तरी खा."
लिफ्टचं दार लागेपर्यंत
सानिका त्या डब्याकडे बघत होती,
भुकेने की भीतीने, मला सांगता यायचं नाही.
कागद मात्र तिच्या मुठीत होता.

क्लिनिक बंद करून एक पोळी खाल्ली, उभ्याउभ्या.
दुसरी झाकून ठेवली. झाकण दोनदा तपासलं.
जीभ आपोआप वर गेली, दातांच्या मागे.
तिथे माझ्या दोन कॅप आहेत,
मिरजेत बसवलेल्या, सव्विसाव्या वर्षी.
त्यांना गार-गरम काही कळत नाही.